पुन्हा पुन्हा हरण्याची ओढ



कामगार संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून पडद्यावरच्या खेळांविषयी बोलावे, ह्याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. परंतु ह्या खेपेचा विषय आम्ही स्वतःच मागून घेतला. त्याचे कारण प्रथम सांगतो.

आमचा एक भाचा एका कारखान्यात कंत्राटावर होता. २४० दिवसांचा हिशेब भरू नये म्हणून सातव्या महिन्यात 'ब्रेक' द्यायचा आणि काही दिवसांनी नव्या पासवर 'नवीन' म्हणून पुन्हा घ्यायचे, असा प्रकार त्याच्या वाट्याला चार वेळा आला. चौथ्या ब्रेकमध्ये तो आमच्याकडे राहावयास आला. रात्री दोन वाजता उठून पाहावे, तो हा पडद्यासमोर बसलेला. पडद्यावरचे बाहुले मरते, उठते आणि पुन्हा त्याच जागी जाऊन मरते. आम्ही संतापून म्हणालो, "अरे, दिवसभर हरतोस ते पुरत नाही काय? रात्रीसुद्धा हरायलाच बसतोस?" मान वर न करता तो म्हणाला, "मामा, इथे का मेलो ते कळतं."

ह्या उत्तराने आमची झोप उडाली. पुढे महिनाभर आम्ही त्याच्याजवळ बसून पाहिले, प्रश्न विचारले, मिळेल ते वाचले, थोडे खेळूनही पाहिले. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत कायद्याची पुस्तके चाळून. तेव्हा पंडिताचा आव आणीत नाही. जे कळले तेवढे आपणांपुढे ठेवतो.

खेळाचे स्वरूप असे असते. घराची बाहेरची भिंत काढून टाकली, तर सगळे मजले बाजूने दिसतील. तसे एक जग पडद्यावर दिसते. त्यात फळ्या, ओटे आणि कडे असतात, खाली काटे असतात, मधे शत्रू फिरत असतात. एक लहानशी आकृती ह्या फळीवरून त्या फळीवर उड्या मारीत जाते. फळ्यांना प्लॅटफॉर्म म्हणतात, म्हणून हे प्लॅटफॉर्म खेळ. त्यांतल्या काही खेळांत एका सरळ रेषेत पुढे जावयाचे नसते. भुयारांचे जाळे आपले आपणच धुंडाळावयाचे असते. आजचा विषय हे शोधाचे खेळ, आणि त्यांतही मुद्दाम जुन्या धाटणीने, अतिशय अवघड करून बनविलेले खेळ.

हा अवघडपणा आला कोठून? त्याचा जन्म काही थोर हेतूने झालेला नाही. १९७८ साली जपानमधल्या टायटो कंपनीचा 'स्पेस इनव्हेडर्स' हा खेळ निघाला. तो आणि त्याच्यामागून आलेले खेळ दुकानांत मांडलेल्या यंत्रांवर चालत. नाणे टाकले की खेळ सुरू. खेळणारा जितक्या लवकर हरेल, तितक्या लवकर दुसरे नाणे पडेल. आपल्याकडेही १९९० नंतर गावोगावी अशी दुकाने निघाली आणि मुले हातात रुपया घेऊन तेथे उभी राहू लागली, हे आपणांपैकी काहींना आठवत असेल. म्हणजे अवघडपणा आला तो प्रथम गल्ल्यासाठी आला. हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

घरातल्या यंत्राला नाणे लागत नसे. तेथे अडचण निराळी होती. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला होता. आज फोनवर काढलेले एक छायाचित्र त्याहून कितीतरी अधिक जागा खाते. एवढ्याशा शिध्यात मोठी पंगत उठवावयाची, तर खेळणाऱ्याला एकेका जागी अडवून ठेवणे, हा एक उपाय होता.

पुढच्याच वर्षी, १९८६ साली, निन्टेन्डो कंपनीचा 'मेट्रॉइड' निघाला आणि ह्या अडवण्याला निराळा अर्थ आला. तोवरच्या अशा बहुतेक खेळांत उजवीकडे पळत सुटावयाचे, एवढेच ठाऊक असे. 'मेट्रॉइड'मध्ये उजवीकडे गेले की थोड्याच वेळात एक इतकी अरुंद वाट लागते की उभ्या माणसाने तीतून जाता येत नाही. उपाय असतो तो आरंभाच्या जागेपासून डावीकडे. तेथे एक वस्तू मिळते; ती घेतली की अंगाचा चेंडू करून गडगडत जाता येते. काही न सांगता खेळाने एक धडा दिला: वाट बंद दिसली तर ती कायमची बंद समजू नये, काय कमी आहे ते शोधून परत यावे. ह्याच खेळाच्या आणि 'कॅसलव्हेनिया' ह्या दुसऱ्या जपानी खेळाच्या नावांची जोड करून आज अशा खेळांना 'मेट्रॉइडव्हेनिया' म्हणतात.

नंतर यंत्रे मोठी झाली, चित्रे खऱ्यासारखी झाली आणि बरेचसे खेळ खेळणाऱ्याचे बोट धरून चालवू लागले. कोठे जावे ह्याचा बाण पडद्यावरच दिसू लागला. नाण्याची गरज संपली होती, जागेची टंचाई संपली होती. मग अवघडपणाही संपावयास हवा होता. तो संपला नाही. ह्या वेळी तो खेळणाऱ्यांनी आणि बनविणाऱ्यांनी आपखुशीने परत आणला. आमचा खरा प्रश्न येथे सुरू होतो.

'ला-मुलाना' ह्या खेळाचे उदाहरण घेऊ. आमचा भाचा त्या रात्री हाच खेळत होता. १९८३ साली निघालेल्या एमएसएक्स नावाच्या घरगुती संगणकांवर जपानमधली एक पिढी वाढली. त्या संगणकावरच्या 'मेझ ऑफ गॅलियस' ह्या १९८७ च्या खेळाच्या आठवणीने ताकुमी नारामुरा आणि त्यांच्या काही मित्रांनी २००५ साली 'ला-मुलाना' बनविला आणि फुकट वाटला. रंग जुने, आवाज जुना, अवघडपणाही जुना. पुढे २०१२ पर्यंत नव्या रूपात तो जगभर विक्रीस आला.

त्यात एक पुराणवस्तुसंशोधक हातात चाबूक घेऊन एका प्राचीन अवशेषात उतरतो. ठिकठिकाणी कोरीव शिळा आहेत. त्या वाचण्याचे साधनसुद्धा प्रथम विकत घ्यावे लागते. एका दालनातल्या शिळेवरचे वाक्य दूरच्या दुसऱ्याच दालनातल्या कुलपाची किल्ली असते. म्हणून हा खेळ वही घेऊन खेळतात. आमच्या भाच्याने शंभर पानी वही निम्मी भरविली होती. भलत्याच वस्तूवर चाबूक मारला तर अंगावर वीज पडते. एक शिळा तर सांगते की ही पुन्हा वाचू नकोस. ती पुन्हा वाचली की सारा खेळ अधिक अवघड होऊन बसतो. आणि सर्वांत कठीण भुयार पार करणाऱ्याला बक्षीस काय, तर एक तोकडा पोहण्याचा पोशाख! म्हणजे बक्षिसासाठी कोणी हे करीत असेल, हा तर्क बनविणाऱ्यांनीच हसून उडवून लावला आहे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराचे. तेथल्या 'टीम चेरी' ह्या लहानशा चमूने लोकवर्गणीच्या साहाय्याने २०१७ साली 'हॉलो नाइट' काढला. कीटकांचे एक मोडकळीस आलेले राज्य, आणि त्यात हिंडणारा एक छोटा योद्धा. नव्या भागात शिरावे तर नकाशा नसतो. गुणगुणत बसलेला एक नकाशेवाला शोधून त्याच्याकडून तो विकत घ्यावा लागतो. नकाशावर आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी होकायंत्र वेगळे. मेला तर जवळचे धन तेथेच राहते आणि आपलीच काळी छाया त्यावर पहारा करते. परत जाऊन तिला हरविले तर धन मिळते. वाटेत पुन्हा मेला तर ते गेले. ह्याच्या पुढचा खेळ 'सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला, तेव्हा घेणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की विक्रीची संकेतस्थळेच अडखळली. तो आधीच्याहूनही अवघड होता.

माणसे पैसे देऊन हा त्रास का विकत घेतात? बर्नार्ड सूट्स ह्या तत्त्वज्ञाने १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' ह्या पुस्तकात खेळाचे मर्म अडथळ्यातच शोधले आहे. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकला, तर काम होईल, पण खेळ होणार नाही. आपल्याकडे रायगडाजवळचा लिंगाणा चढणारे, मल्लखांबावर अंग सोलवटून घेणारे आणि रविवारचे शब्दकोडे पुरे झाल्यावाचून चहाला हात न लावणारे, हे सारे त्याच जातीचे. परंतु एवढ्याने आमचे समाधान झाले नाही. अडथळा तर कंत्राटदारही घालतो. त्याची ओढ कोणाला का लागत नाही?

आम्हांला जो फरक दिसला तो तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट, नियम. खेळ निष्ठुर असतो, पण त्याचा नियम आज एक आणि उद्या एक नसतो. काटा जेथे काल होता तेथेच आज आहे. 'सिल्कसाँग'मधल्या सुरुवातीच्या काही लढती लोकांच्या तक्रारीनंतर थोड्या सौम्य करण्यात आल्या. तो बदलही जाहीर करून, सर्वांना सारखा. दुसरी गोष्ट, चूक. ती लहान असते आणि दिसते. उडी क्षणभर आधी मारली, शिळा नीट वाचली नाही, एवढेच. पुन्हा तेथे उभे राहून ती सुधारता येते. तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. बाहुले मरते, पण हात शिकलेला राहतो. चाळीस वेळा पडलेला माणूस एकेचाळिसाव्या वेळी पहिल्यासारखा नसतो. हे शिक्षण त्याच्याजवळून कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता भाच्याची नोकरी ह्याच्या शेजारी ठेवून पाहा. चार वेळा तो त्याच यंत्रावर गेला. त्या यंत्राचा आवाज बदलला की बिघाड कोठे आहे हे तो सांगू शके. तरी दर वेळी पासवर 'नवीन' आणि पगार नव्याचा. का काढले, ह्याला उत्तर नाही. कष्टाला माणूस भीत नाही, बंधुभगिनींनो. कष्टाचे जमाखाते कोरे राहते, ह्याने तो खचतो. ते खाते भरताना दिसते अशी एक जागा ह्या मुलाला पडद्यावर सापडली होती, आणि आम्ही तिला आळस म्हणत होतो.

ह्यावर आक्षेप येतील. ते रास्तही आहेत. सगळेच खेळ न्यायी नसतात. 'ला-मुलाना'तलेच काही सापळे असे आहेत की पहिल्या वेळी ते कोणालाही चुकविता येणार नाहीत. रात्रीची झोप जाते, डोळे जातात, आणि पडद्यावरच्या विजयाने वाण्याची उधारी फिटत नाही. हे सारे आम्ही भाच्याला सांगितले आहे.

परंतु एका निष्कर्षापासून आम्ही आपणांस सावध करू इच्छितो. पडा, उठा, पुन्हा प्रयत्न करा, असा उपदेश ह्या खेळांतून काढून कामगारांना पाजणे सोपे आहे. तो लबाडीचा आहे. जेथे नियम पक्का आहे तेथे हरणाऱ्याने आपली चूक शोधावी, हे योग्यच. जेथे नियमच दर सातव्या महिन्याला फिरविला जातो, तेथे हरणाऱ्याला चिकाटी शिकविणे म्हणजे त्याच्या माथी दुसऱ्याचा दोष मारणे होय.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. हे खेळ एकट्याने खेळावयाचे असले, तरी एकट्याने सुटत नाहीत. 'ला-मुलाना' मुळात जपानीत होता. चाहत्यांनीच २००७ साली त्याचे इंग्रजी केले. कोणत्या शिळेचा अर्थ काय, कोणती भिंत पोकळ, हे खेळणारे एकमेकांना सांगतात, आपले नकाशे दुसऱ्याला देतात. ज्याला वाट सापडली तो मागच्यासाठी खूण करून ठेवतो. आमच्या भाषेत ह्याला संघटना म्हणतात.

भाच्याचे पुढे काय झाले ते सांगून संपवितो. वहीची निम्मी पाने कोरी होती. आम्ही त्याला म्हटले, "शिळांचे लिहिलेस, आता पासांचे लिही." त्याने चारही वेळच्या रुजू होण्याच्या आणि काढल्याच्या तारखा, पासांचे क्रमांक, यंत्राचे नाव, पाळी, असे सगळे मांडले. मग त्याच्याबरोबरच्या अकरा मुलांच्या तारखा त्याच वहीत आल्या. ती वही आज आमच्या अर्जाचा पाया आहे. निकाल लागलेला नाही; दोनदा तारीख पुढे गेली आहे. पण गेल्या तारखेला अर्ज का मागे पडला, कोणता कागद कमी होता, हे ह्या वेळी त्या मुलांनीच आम्हांला दाखविले.

आपल्या घरात एखादे मूल रात्री असे हरत बसलेले दिसले, तर रागावण्यापूर्वी त्याच्याजवळ दहा मिनिटे बसावे आणि तो काय शिकला ते विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.