पडद्यावरचे मंडल आणि हातातले मंडल

भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली आरंभिलेल्या ‘एनपीटीईएल’मुळे विद्युत् मंडलांवरील व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात, पवईच्या संस्थेत विकसित झालेल्या ‘ई-सिम’ने मंडल संगणकाच्या पडद्यावर जोडूनही पाहता येते. आता समजा, दिल्लीच्या हिंदूराव भागातील विद्यार्थ्याने लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केटमधून एकेक मेगओहमचे दोन रोधक आणले आणि एकसरीत १० व्होल्टना जोडले. मध्यबिंदूवर पडदा ५ व्होल्ट दाखवितो. रोधक अगदी अचूक असले तरी मीटर मात्र ४.७६! दोष कोणाचा? कोणाचाच नाही. थेवेनिन या फ्रेंच तार-अभियंत्याने १८८३ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार, मीटरच्या दृष्टीने हे सारे मंडल म्हणजे अर्ध्या मेगओहम रोधामागे असलेला ५ व्होल्टचा उद्गम होय. मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगओहम असतो. म्हणून त्या दाबाचा एकविसावा भाग आतच खर्ची पडतो. मोजणाऱ्याचाही भार मंडलावर पडतो, ही गोष्ट केवळ व्याख्याने ऐकणाऱ्याच्या ध्यानातून हमखास निसटते. पडद्यावरील मंडलातही मीटरच्या जागी १० मेगओहमचा रोधक जोडावा, तेथेही ४.७६ व्होल्टच दिसतील.