पूर एक, नावा अनेक

नाताळ जवळ आला की एक वाद हमखास निघतो. ख्रिस्ती धर्मातल्या कथा जुन्या पुराणांतून उचलल्या आहेत, असे कुणीतरी ठासून सांगतो. कुणी कृष्ण आणि ख्रिस्त या नावांतले साम्य दाखवतो, कुणी रोमन लोकांचा सूर्यदेव मध्ये आणतो. बैठकीत एखादा ख्रिस्ती शेजारी असला तर तो हसून विषय बदलतो. ‘मग आमची श्रद्धा उसनी का?’ हा प्रश्न तो मनातच ठेवतो. मला वाटते, त्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे.

काही साम्ये कानापुरतीच असतात. ‘ख्रिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अभिषिक्त. ‘कृष्ण’ म्हणजे सावळा. दोहोंचा संबंध उच्चारापलीकडे जात नाही. पण सगळीच साम्ये अशी वरवरची नसतात. प्रलयाची कथा घ्या.

जॉर्ज स्मिथ हा लंडनचा एक साधा कारागीर. नोटांच्या छपाईसाठी ठसे कोरण्याचे काम तो शिकला होता. हौसेपोटी त्याने प्राचीन इराकमधली, खिळ्यांच्या आकाराच्या अक्षरांची लिपी आत्मसात केली आणि तो ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीस लागला. निनेव्हे येथे सापडलेल्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्या वाचताना १८७२ साली त्याला एका पाटीवर डोंगरावर अडकलेले जहाज आणि जमीन शोधायला सोडलेले कबूतर भेटले. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने हा मजकूर सभेत वाचला, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. बायबल खरे ठरले म्हणून काहींना आनंद झाला. बायबलची कथा उसनी ठरली म्हणून इतरांना. पाटी एकच, पण दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला!

बाबिलोनी कथा बायबलपेक्षा जुनी आहे, यात शंका नाही. तिची एक प्रत तर इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातली आहे. ज्यू लोकांना ती माहीत असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मला साम्यापेक्षा फरकाने थांबवले. बाबिलोनी कथेत पूर का येतो? माणसांची संख्या वाढली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडली म्हणून. बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पुस्तकात कारण वेगळे आहे. पृथ्वी हिंसेने भरली, आणि माणूस घडवल्याचे देवाला दुःख झाले. पूर तोच, पण त्यामागचा देव निराळा. एक झोपमोडीने चिडलेला, दुसरा व्यथित झालेला.

आपल्या मनूच्या कथेत तर राग नाहीच. शतपथ ब्राह्मणात मनू हात धुताना एक इवलासा मासा ओंजळीत येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू त्याला आधी घटात, मग खड्ड्यात वाढवतो आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडतो. पुढे प्रलयात तोच मासा मनूची नाव शिंगाला बांधून उत्तरेच्या पर्वताकडे नेतो. ही शिक्षेची कथा नव्हे. जपलेल्या जिवाने उपकार फेडल्याची कथा आहे. महाभारतात हा मासा स्वतःला ब्रह्मा म्हणवतो, पुराणांत तो विष्णूचा मत्स्यावतार होतो. आपल्याच घरात कथेने इतकी वळणे घेतली, त्याला आपण कधी चोरी म्हटले नाही. मग इतरांनाच ते माप कशाला?

कुराणात नूहचा मुलगा तारवात चढत नाही. डोंगर मला वाचवील म्हणतो आणि बुडतो. बाप त्याच्यासाठी विनवणी करतो, पण नुसत्या रक्ताच्या नात्याने तो तरत नाही. ख्रिस्ती लोकांनी हीच कथा बाप्तिस्म्याशी जोडली. पेत्राच्या पहिल्या पत्रात प्रलयाच्या पाण्यात बाप्तिस्म्याच्या पाण्याची खूण दाखवली आहे. रोममधल्या प्राचीन भुयारी दफनभूमींत भिंतींवर नोहा पेटीएवढ्या तारवात हात उंचावून उभा आहे. आपल्या मृतांच्या शेजारी हे चित्र काढणाऱ्यांना मरणाच्या पाण्यातूनही पलीकडे जाता येते, एवढेच सांगायचे असावे. ही श्रद्धा बाबिलोनच्या पाटीवर सापडत नाही.

उसनवारीचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले. ज्या साष्टीत तो राहिला, तिथली देवळे काही दशकांपूर्वीच पोर्तुगीज राजवटीत मोडली गेली होती, हेही विसरता येत नाही. सत्तेने देवळे मोडली, पण ख्रिस्ताची कथा सांगायला मात्र पुराणाची ओवीच लागली. ओवी मराठी, वैकुंठ हा शब्द आपला, तरी त्यातली श्रद्धा ख्रिस्ती. घर उसने घेता येते. आत राहणारा आपापला असतो.

म्हणून मुलांनी ‘यातली खरी गोष्ट कुठली?’ असे विचारले, तर ‘आधी कुणाची?’ या वादात पडू नये. या गोष्टी त्यांना एकापाठोपाठ एक सांगाव्यात आणि विचारावे : पाणी का आले? कोण वाचले? वाचल्यावर त्याला काय मिळाले? बाबिलोनी कथेतला उत्नपिश्तीम, नोहा आणि मनू या तिघांनीही पुरातून सुटल्यावर आहुती दिली. उत्नपिश्तीमच्या आहुतीभोवती भुकेले देव माश्यांसारखे जमले. नोहाला वचन मिळाले की असा पूर पुन्हा येणार नाही, आणि त्या वचनात पशुपक्षीही होते. खूण म्हणून आभाळात धनुष्य उमटले. एकट्या राहिलेल्या मनूने पाण्यात तूप-दही अर्पण केले, आणि त्यातून त्याला इडा नावाची मुलगी मिळाली.