जेटलायनर, मूळ मुक्काम माल्टन

प्रवासी जेट विमानास 'जेटलायनर' का म्हणतात, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. नेमलेल्या मार्गावर, नेमलेल्या वेळापत्रकाने उतारूंची ने-आण करणाऱ्या आगबोटीस इंग्रजीत 'लायनर' म्हणत. तेच काम विमाने करू लागताच ती 'एअरलायनर' झाली, आणि 'जेट एअरलायनर' या लांबलचक नावातला मधला तुकडा गाळून कॅनडातील ॲव्ह्रो कंपनीने आपल्या 'सी-१०२' विमानाचे बारसे उरकले. उत्तर एवढेच, पण ज्याचे हे विशेषनाम, त्या विमानाची हकीकत सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तिचेच अगत्य अधिक आहे.

जेम्स फ्लॉइड या अभियंत्याच्या देखरेखीखाली सिद्ध झालेले हे विमान टोराँटोजवळच्या माल्टन येथून १० ऑगस्ट १९४९ रोजी प्रथम उडाले. ब्रिटनचे 'कॉमेट' दोनच आठवडे आधी उडालेले असल्यामुळे पहिलेपणाचा मान तेवढ्यावरून हुकला. मूळ आराखडा दोन 'एव्हॉन' इंजिनांचा होता. परंतु नागरी विमानासाठी ती देण्यास ब्रिटिश सरकारची मंजुरी वेळेवर न मिळाल्याने जुन्या धाटणीची चार 'डरवेंट' इंजिने बसवणे भाग पडले, आणि वजन व इंधन दोन्ही वाढले. जेट इंजिन उंचावर काटकसरी असते, पण उतरण्याची परवानगी मिळेतो खाली घिरट्या घालताना उधळ्या वारसासारखे वागते. ज्या कंपनीसाठी हे विमान आखले होते, त्या ट्रान्स-कॅनडा एअरलाइन्सच्या आक्षेपांना या खर्चाने बळच मिळाले.

तथापि १८ एप्रिल १९५० रोजी टोराँटोचे टपाल घेऊन हे विमान ५८ मिनिटांत न्यूयॉर्कला पोचले. तेथील अधिकाऱ्यांनी ते इमारतीपासून दूर उभे करवले आणि गळलेले इंधन आपोआप पेट घेईल या धास्तीने इंजिनांखाली चक्क पराती मांडल्या! (वस्तुतः ते इंधन रॉकेलच्या जातकुळीचे; प्रॉपेलरच्या विमानांतले पेट्रोल त्याहून कितीतरी ज्वालाग्राही.)

कोरियातील युद्ध पेटले, आणि १९५१ च्या डिसेंबरात मंत्री सी. डी. हाउ यांनी हे काम तहकूब करून 'सीएफ-१००' या लढाऊ विमानांकडे सारे बळ वळवण्याचा हुकूम सोडला. पुढच्या वर्षी हॉवर्ड ह्यूजसारख्या धनाढ्य आणि दर्दी वैमानिकाने जेटलायनर स्वतः चालवून पाहिले व तो त्यावर लुब्ध झाला, तरी हुकूम फिरला नाही. १९५६ साली विमान मोडीत निघाले. नाकाडाचा भाग तेवढा ओटावाच्या संग्रहालयात आहे. फ्लॉइड यांनी पुढे 'ॲरो' या स्वनातीत लढाऊ विमानाचे काम अंगावर घेतले. १९५९ साली सरकारने तेही रद्द केले.