ज्वारीच्या दाण्याएवढी धडधड

आमच्या मराठवाड्यात गरोदर बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली की उत्तर बऱ्याचदा सणाचं येतं. "पोळ्याच्या आधी आली होती, मग नाहीच." त्यावरून अंदाजाने एक तारीख कार्डावर पडते आणि पुढचे सगळे महिने त्या अंदाजावर चालतात. १९५६ साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, सुरू झालं तेव्हा डॉक्टरांपाशीही याहून फार वेगळं काही नव्हतं. पोटावर हात ठेवायचा आणि गर्भाशय किती वर आलंय ते चाचपायचं.

दोनच वर्षांनी ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी धातूतले दोष शोधणाऱ्या ध्वनिलहरी पोटावर वापरून मिळालेली चित्रं 'लॅन्सेट'मध्ये छापली. १९७३ मध्ये तिथल्याच ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय काढायची रीत दिली. ती आजही चालते. पहिल्या तिमाहीत तिची चूक साधारण पाच-सात दिवसांची. शेवटच्या महिन्यांतल्या मापाने वय काढलं तर ती तीन आठवड्यांपर्यंत जाते. मग बाळ खरंच खुरटलंय की तारीखच चुकलीय, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

ऐंशीच्या दशकात योनीमार्गे, आतून करायची सोनोग्राफी आली आणि चित्र एकदम जवळ आलं. सहाव्या आठवड्यात पडद्यावर एक काळी पिशवी, तिच्यात पांढरं कडं आणि कड्याला चिकटून ज्वारीच्या दाण्याएवढा गर्भ. त्या दाण्यात काहीतरी लुकलुकतं. तेच हृदय.

त्रिमितीय सोनोग्राफीने तर गर्भविज्ञानच जिवंत केलं. पूर्वी जे फॉर्मॅलिनच्या बरणीत किंवा मेणात कापलेल्या चकत्यांवर शिकावं लागे, ते आता वाढतानाच दिसतं. आठव्या-नवव्या आठवड्यात डोक्यात मेंदूची पोकळी उमटते. आतडी पोटात मावत नाहीत म्हणून नाळेत उतरतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत आपोआप परत जातात. मला याहून विलक्षण काही ठाऊक नाही. रॉटरडॅमला संशोधक असे गर्भ आभासी वास्तवात उभे करून त्यांचं आकारमान मोजतात.

आणि आपण याच यंत्राला काय विचारलं? मुलगा की मुलगी. ते थांबवायला महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे औरंगाबाद जिल्ह्यात ८५८ मुली उरल्या, शेजारच्या बीडमध्ये ८०७. म्हणून गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला या कायद्याखालचा एफ फॉर्म भरावा लागतो. डॉक्टरांना तो जाच वाटतो, पण आपण तो ओढवून घेतला आहे आणि तो हवाच.

माझी तळमळ वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या नवरा-बायकोच्या जोड्या, उसाच्या फडावर निघतात. जिला नुकतेच दिवस गेलेत, तिची पहिली सोनोग्राफी निघण्याआधी झाली, तर तिच्या हातात अंदाजाची नव्हे, मोजलेली तारीख असते. परक्या जिल्ह्यात रात्री कळा सुरू झाल्या, तर तिथल्या नर्सला हे दिवसांआधीचं बाळंतपण आहे का, हे ठरवायला त्या तारखेचाच आधार. प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्डासोबत घडी घालून ठेवलेला तो एक कागद.