कमळजादेवीची वाट

डोंगर चढून देवीचे दर्शन घेण्याची महाराष्ट्राला सवय आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे मात्र भाविकाला उतरावे लागते. उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या काठावरून झाडीतील पायवाट खाली जाते आणि खाऱ्या सरोवराच्या तीरावरील कमळजादेवीच्या प्राचीन दगडी मंदिरापाशी पोहोचते. नवरात्रात येथे यात्रा भरते. जवळच ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोडे, दुसऱ्या बाजूचे खारे. उतारावरून झिरपणारे पाणी आणि सरोवराचे क्षार यांच्या भेटीला लोकांनी घरातले नाते दिले आहे.

हा परिसर २००० साली अभयारण्य झाला आणि २०२० साली रामसर यादीत गेला. तेव्हा प्रश्न विचारला जातो : यात्रा राखायची की सरोवर?

इंग्लंडमधील वॉल्सिंगहॅम या खेड्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. मध्ययुगात तेथील मेरीमातेच्या दर्शनास राजेही जात. वाटेवरच्या एका छोट्या प्रार्थनामंदिरात जोडे काढून शेवटचा मैल अनवाणी चालण्याची प्रथा होती, असे सांगतात. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३८ साली, ते स्थान उद्ध्वस्त करण्यात आले. जोडे काढण्याच्या त्या वास्तूचे पुढे कोठार झाले. तरीही १८९७ साली यात्रा पुन्हा सुरू झाली. भंगलेले देवस्थान श्रद्धा पुन्हा उभारू शकते, हा त्या इतिहासाचा अर्थ.

परंतु बिघडलेले सरोवर कोण उभारणार? २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. क्षारता वाढून फोफावलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्यानंतरच्या वर्षांत पाणी उलट चढत गेले आणि काठावरील मंदिरांना भिडले. गोड्या पाण्याची अशी भर पडत राहिली, तर ज्या क्षारतेवर येथील जीवसृष्टी जगते, तीच विरळ होईल.

म्हणून मूळ प्रश्नच चुकीचा आहे. कमळजादेवीचे खरे आसन ते सरोवरच होय. पायी उतरावे, मुक्याने दर्शन घ्यावे, निर्माल्य व प्लास्टिक परत वर आणावे आणि गावाने आपले सांडपाणी खाली सोडू नये, इतके पाळले तर यात्रा आणि सरोवर यांत वैर उरत नाही. जोडे काठावर काढण्यामागचा भाव तरी याहून निराळा कुठे आहे?