मिग, पण कोणत्या दिवसाचं?

मिग-२१ चं मॉडेल बांधताना त्याच्या नाकात शिसं भरायचं असतं. ते राहून गेलं, की महिनाभर खपून केलेलं विमान टेबलावर ठेवताक्षणी मागे कलतं आणि शेपटीवर बसतं, नाक आढ्याकडे करून. माझं पहिलं मिग असंच बसलं. तोवर दोन्ही बाजू चिकटवून, घासून, रंगवून झाल्या होत्या. आत काही सरकवायला फट उरली नव्हती. शेवटी शेपटीखाली पारदर्शक प्लास्टिकची काडी लावून त्याला उभं केलं. घरी येणारे अजून विचारतात, खऱ्या विमानालाही अशी काडी असते का हो?

खऱ्या विमानाला ती लागत नाही, कारण त्याच्या पुढच्या अंगात बरंच काही ठासून भरलेलं असतं. मॉडेल मात्र आतून पोकळ. मिगच्या तोंडात मधोमध जो शंकू दिसतो, तो शोभेचा नाही. ध्वनीहून वेगाने आत घुसणारी हवा इंजिनाला पचत नाही. शंकूच्या टोकापाशी आघातलहर तयार होते, तिच्यापलीकडे हवेचा वेग उतरतो, आणि विमानाच्या वेगाप्रमाणे हा शंकू पुढेमागे सरकतो. रडारही याच शंकूत बसवलेलं. त्यामुळे शंकूत मावेल एवढंच रडार, त्याहून मोठं नाही, हे दुखणं या विमानाला जन्मभर पुरलं. मी गळाला लावायचे शिशाचे मणी नेमके त्याच शंकूत भरतो. एक वस्तू हाताने जुळवली, की तिच्या अडचणीही हाताला कळतात.

आत्ता टेबलावर असलेलं किट १/४८ मापाचं, एदुआर्द या चेक कंपनीचं. कंपनी १९८९ सालची, ओब्रनित्से नावाच्या लहानशा गावातली. मिगचं इतकं बारकाईने केलेलं किट चेक लोकांकडून यावं यात नवल नाही. चेकोस्लोव्हाकियाने मिग-२१ चा एफ-१३ हा सुरुवातीचा प्रकार वोदोखोडीच्या कारखान्यात परवान्यावर बांधला होता, १९४ विमानं. परवान्यावर मिग बांधणारा आणखी एक देश आपला. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. नाशिककरांच्या दोन पिढ्यांना मिग आधी आवाजाने माहीत आणि मग डोळ्यांनी. शाळेत फळ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहणारी पोरं, आणि खडू खाली ठेवून आवाज ओसरायची वाट बघणारे गुरुजी, हे तिथलं रोजचं.

मापांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १/७२ म्हणजे एका इंचात सहा फूट. १/४८ म्हणजे पाव इंचात एक फूट. दोन्ही इंग्रजी फूटपट्टीची अपत्यं, आणि मीटर वापरणाऱ्या जपान्यांनी नि चेकांनीही ती मुकाट्याने स्वीकारली. मिगच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये पंधरा सेंटिमीटरही नाही. चार मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं या मापात ०.०८ मिलिमीटर होतं. रंगाचा एक जाड हात बसला, की ते गायब.

हा छंद प्लास्टिकहून जुना, पण प्लास्टिकनेच तो घरोघर नेला. १९३६ मध्ये इंग्लंडात फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने सेल्युलोज अॅसिटेटची १/७२ ची किट काढली. एअरफिक्स त्यानंतरची: निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये लंडनला सुरू केलेली, आणि सुरुवातीला हवेने फुगवायची रबरी खेळणी करणारी. नाव ‘ए’ने सुरू करायचं कारण एवढंच, की व्यापाऱ्यांच्या यादीत आपण वर यावं. त्यांचं पहिलं मॉडेल विमानाचं नव्हतंच. ते होतं फर्ग्युसन ट्रॅक्टरचं, कंपनीच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकासमोर ठेवायला. स्पिटफायर आलं १९५३ मध्ये, आणि त्यावरची अक्षरंही चुकलेली होती. जपानची तामिया कंपनी तर मुळात लाकडाच्या वखारीतून निघाली. या धंद्यात कुळी फार बघू नये.

आता कामाकडे. पॉलिस्टायरीन वितळवून प्रचंड दाबाने पोलादी साच्यात ढकलतात. ते ज्या नळ्यांतून आत जातं त्या नळ्याही थिजतात आणि भागांना धरून ठेवणारी चौकट होतात. तिला सगळे स्प्रूच म्हणतात. भाग पिळून तोडायचा नाही. निपरने थोडा देठ ठेवून कापायचा आणि उरलेला देठ ब्लेडने उतरवायचा. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे आतल्या बाजूला उरतात. ते दिसणाऱ्या जागी आले तर भरायचे, नाहीतर देवाच्या नावाने सोडून द्यायचे. चाकांच्या कप्प्यातले ठसे मी सोडतो. कोणी विमान उलटं करून बघितलं तर तो माझा पाहुणा नाही, परीक्षक आहे.

प्लास्टिकचा गोंद खरं तर गोंद नसतोच. पातळ सिमेंटच्या बाटलीत मुख्यतः अॅसिटोन आणि ब्यूटिल अॅसिटेट असतं. दोन्ही अर्धी शरीरं कोरडीच जुळवून धरायची आणि सांध्याला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. द्रव केशाकर्षणाने सरसर रेघभर धावतो. दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळतं, एकमेकांत मिसळतं, आणि द्रव उडून गेला की तिथे सांधा न राहता एकच तुकडा होतो. बोटांनी हलकेच दाबलं की रेघेवर मऊ प्लास्टिकचा बारीक कड फुगून येतो. तो दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्यायचा. घाई केली तर तो खाली बसतो आणि विमानाच्या पाठीवर कायमची चर दिसते. वाळल्यावर लांबी भरायची, गॅरेजवाले डेंटवर भरतात तीच कल्पना, आणि वॉटर पेपरने घासायचं: चारशे नंबर, मग हजार, मग दोन हजार. घासताना पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव खाचाही निघून जातात. त्या सुईने पुन्हा ओढाव्या लागतात आणि ओढताना एकदा तरी हात घसरतोच.

इथवर किटबरोबरचा कागद सोबतीला असतो. खरा प्रश्न त्यापुढे येतो, आणि तो कागदावर नसतो: हे विमान कोणत्या दिवसाचं?

‘भारतीय हवाई दलाचं मिग-२१’ असं काही नसतं. हवाई दलात ते १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षं. त्यात टाइप ७७ म्हणजे एफएल, टाइप ९६ म्हणजे एम, टाइप ७५ म्हणजे बिस, आणि शेवटी बायसन. एफएलची पाठ सडपातळ. पुढच्या प्रकारांत तिथे वाढीव सामान आणि इंधन शिरलं नि पाठ जाड झाली. एफएलच्या कॉकपिटची काच अखंड, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, मागून वर उचलली जाणारी. एम आणि बिसची पुढची काच पक्की, उरलेला भाग उजवीकडे कलंडणारा. एफएल करून तिची काच उजवीकडे उघडी ठेवणारा पकडला जातो, आणि पकडणारे लोक या छंदात फार.

एकाच प्रकारातही दिवस बदलला की विमान बदलतं. एफएलला अंगची तोफ नव्हती. पोटाखाली तोफेचा डबा टांगायचा, आणि तिथेच जादा इंधनाची टाकीही लागायची, म्हणजे दोन्हींपैकी एकच. १२ डिसेंबर १९७१ ला ४७ स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते तोफेने. ते विमान करायचं तर पोटाखाली डबा हवाच. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, २८ स्क्वाड्रनच्या मिगनी ढाक्यात गव्हर्नर हाउसवर ५७ मिलिमीटरची रॉकेटं डागली आणि गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. ते विमान करायचं तर पंखांखाली रॉकेटांच्या नळकांड्या हव्यात, प्रत्येकीच्या तोंडाला सोळा भोकं, आणि १/४८ मध्ये एकेक भोक १.२ मिलिमीटरचं. मी ती हाताच्या ड्रिलने पाडली. अकराव्या भोकाला ड्रिलचं पातं तुटलं.

रंगाचं दुखणं आणखी वेगळं. आपली सुरुवातीची मिगं उघड्या धातूची, चंदेरी होती. १९७१ च्या सुमारास त्यातल्या काहींवर तळावरच घाईघाईने हिरवा रंग चढला, ब्रशने, कुठे पट्टे, कुठे ठिगळं. चंदेरी रंगाला चकचकीत काळं अस्तर लागतं. त्यावर अॅल्युमिनियमचा लॅकर एअरब्रशने इतका पातळ मारायचा, की पहिल्या दोन हातांना काहीच झालं नाही असं वाटावं. अस्तरावर बोटाचा ठसा राहिला असेल तर चंदेरीतून तो पोलिसांच्या फायलीतल्यासारखा उमटतो. आणि पावसाळ्यात लॅकर मारू नये. जुलैत एकदा मी गॅलरीत मारला. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो, आणि विमानावर दुधाची साय आल्यासारखा पांढुरका थर आला. ते सगळं खरवडून श्रावण सरेपर्यंत थांबलो. हिरवा मात्र ब्रशनेच लावला. तिथे मूळ कामगारानेही ब्रशच वापरला होता, म्हणून माझ्या हाताचे फराटे तेवढ्यापुरते इतिहासाला धरून आहेत.

मग डीकल. केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ, केशरी बाहेर. कोमट पाण्यात सोडायचं, कागदावरून सरकवायचं. खालचा रंग चकचकीत नसेल तर पातळ पापुद्र्याखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते, म्हणून आधी वार्निश, मग डीकल, मग पुन्हा वार्निश. शेवटी कॉकपिटची काच. ती झटपट गोंदाने चिकटवू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते आणि तो डाग पुसता येत नाही. साधा फेविकॉल काडीच्या टोकावर घ्या. तो पारदर्शक वाळतो, जास्त झाला तर ओल्या बोळ्याने निघतो. इतकी परदेशी रसायनं टेबलावर मांडून शेवटचा भाग आपण शाळेच्या कार्यानुभवाच्या डब्यातल्या गोंदाने बसवतो, हे मला फार आवडतं.

माझं एफएल आता पुरं होईल, पण एका जागी अडलंय. शेपटीवरचे हिरवे पट्टे किती आणि कुठवर, हे ठरत नाही. हाताशी आहेत ते फोटो काळेपांढरे, लांबून काढलेले, आणि बहुतेकांवर तारीख नाही. अशा विमानांचे जवळून काढलेले फोटो खरं तर घराघरांतल्या अल्बममध्ये आहेत: ओझरला आयुष्य काढलेल्या फिटर-रिव्हेटरांच्या, तळावर राहिलेल्या हवाई सैनिकांच्या. मधोमध बाबा उभे, बाजूला अर्धं विमान. तुमच्या घरी असा फोटो असेल, तर बाबा आहेत किंवा बाबांचे कोणी सोबती आहेत तोवर त्यांना विचारून मागे साल, महिना आणि जागा लिहून ठेवा. विमानाचा नंबर दिसत असेल तर तोही. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई पुढच्या बाजूला उतरते.