व्हिडीओतला हिवाळा, आपला पावसाळा

आमच्या एका मित्राने गावी सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली. गुरू कोण? यूट्यूब! हिवाळ्याआधी काय तयारी करायची, हे सांगणारे अमेरिकेतले व्हिडीओ त्याने वहीत नोंदी करत पाहिले. ऑगस्टमध्ये पेटी उघडली तर आत फक्त रिकामी पोळी. माश्या केव्हाच उडून गेलेल्या.

व्हिडीओ खोटे नव्हते बरं का! पण तिकडे माश्यांचे हाल बर्फात होतात, आपल्या सह्याद्रीत मुसळधार पावसात. तेव्हा त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. शिवाय ते व्हिडीओ होते मेलिफेरा या युरोपियन माशीचे. आपली सातेरी लहान. खायला कमी पडलं की घरच सोडते. तिची पेटीही वेगळ्या मापाची.

मग ऑनलाइन काही बघायचंच नाही? बघा की! फक्त तीन प्रश्न विचारा : माशी कोणती, प्रदेश कुठला, महिना कोणता? उत्तर मिळालं नाही, तर पुढे स्क्रोल करा. आणि पैसे घालण्याआधी पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा जवळच्या मधपाळाकडे एक चक्कर माराच.

मित्र यंदा पुन्हा पेटी ठेवतोय. वहीत जूनच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'पाक!'